नादारी म्हणजे मुक्तता नव्हे

कायद्याचे कांहीं शब्द बाजारांत येतां येतां आपला अर्थ गमावून बसतात. ‘डिस्चार्ज’ हा त्यांपैकींच एक होय. फौजदारी कोर्टानें आरोपीस डिस्चार्ज दिला म्हणजे तो निर्दोष ठरला, आणि दिवाणी कोर्टानें एखाद्यास नादार ठरविलें म्हणजे त्याचें देणें बुडालें, असा समज आमच्या पेठांतून सर्रास आढळतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. आणि दुसऱ्यापायीं धनको व ऋणको दोघेही फसतात.

फौजदारीची गोष्ट थोडक्यांत अशी. खटला चालविण्याजोगा आधार कागदपत्रांत दिसत नसेल, तर आरोप ठेवण्यापूर्वींच न्यायाधीश आरोपीस सोडून देतो; हा डिस्चार्ज. साक्षीपुरावा होऊन जो निर्दोष ठरला, त्याच्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुनः चालत नाहीं. डिस्चार्ज मिळालेल्यास हें संरक्षण नाहीं. नवा पुरावा पुढें आल्यास त्यास पुनः कोर्टाची पायरी चढावी लागूं शकते.

आतां नादारी. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानें नादार ठरतांच, कायद्यानें वगळलेल्या वस्तु सोडून, ऋणकोची सर्व मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या हातीं जाते. आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत तो जी नवी मालमत्ता मिळवील, तीही तिकडेच जाते. म्हणजे नादारी हें बंधन होय, व त्यांतून बाहेर पडण्याचें दार तो डिस्चार्ज. हें दार आपोआप उघडत नाहीं. कोर्टानें नेमलेल्या मुदतींत ऋणकोनें स्वतः अर्ज करावयाचा असतो. न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होतो.

डिस्चार्जमुळें लबाडांचें फावतें, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. परंतु कायदा इतका भोळा नाहीं. मालमत्तेंतून रुपयास आठ आणेही निघत नसतील व हें आपल्या दोषानें घडलें नाहीं असें ऋणकोस दाखवितां आलें नाहीं, अथवा धंद्याच्या हिशेबाच्या वह्याच त्यानें ठेवल्या नसतील, तर पूर्ण डिस्चार्ज नाकारला जातो. मिळाला तरी सरकारचें देणें, लबाडीनें केलेलें कर्ज आणि कोर्टानें ठरविलेली पोटगी हीं त्यांतून सुटत नाहींत. जामीनदारही सुटत नाहीं, हें तर मित्रासाठीं डोळे मिटून सही करणाऱ्यांनीं मनांत कोरून ठेवावें. फारखती धनकोच्या मर्जीनें मिळते. डिस्चार्ज वर्तणुकीच्या कसोटीवर मिळतो.

प्रामाणिक माणसाचा व्यापार बुडाला, तर त्यास पुनः उभें राहूं देण्यांत बाजाराचेंच हित आहे. ज्याच्या पुढच्या कमाईवर कायमचा हक्क दुसऱ्याचा, तो कमाई करील कशाला? केली तर बायकोच्या नांवावर करील. कर्जांतून सुटण्याची वाट नसली म्हणजे काय होतें, हें १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कुळांनीं सावकारांचे खतपत्रे जाळले, तेव्हां दिसून आलें. मग १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा आला.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेंत अगदीं गरीब ऋणकोसाठीं ‘नवी सुरुवात’ लिहिली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचें घर नाहीं, अशास सोपा डिस्चार्ज मिळावा, हा तिचा हेतु. तथापि १ डिसेंबर २०१९ रोजीं व्यक्तींविषयींचा भाग लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. कोट्यवधींच्या कर्जासाठीं दार उघडलें. पस्तीस हजारांच्या कर्जाचें दार कागदावर राहिलें. हा क्रम उलटा आहे. सरकारनें हा भाग गरिबांसाठीं अमलांत आणावा, आणि व्यापारी मंडळांनीं त्यासाठीं आग्रह धरावा. तोंवर प्रत्येक दुकानदारानें दोन गोष्टी कराव्या: वही चोख ठेवावी, आणि नादारी व मुक्तता यांतील अंतर ओळखावें.