पाण्याखालची खोली वर का येते?

युद्ध हरल्यावर दुर्योधन द्वैपायन सरोवरात जाऊन लपला. मायेने पाणी थिजवून तो तळाशी राहिला, असे महाभारत सांगते. तरी पत्ता फुटलाच. तिथे आलेल्या व्याधांनी त्याचे बोलणे ऐकले आणि बातमी थेट पांडवांकडे पोचवली.

जलस्तंभनाची विद्या आपल्याकडे नाही. सिमेंट, सळ्या आणि जेसीबी आहे. तेवढ्या भांडवलावर हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या शेततळ्याच्या तळाशी गुप्त खोली बांधता येईल का? 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल होते. एका माणसाला लपायला जागा भरपूर आहे.

कुणालाही पहिली भीती वाटते ती खोली गळेल याची. खरी अडचण वेगळीच आहे: खोली तळाशी बसतच नाही. हिशोब करून पाहू. आतून 2 मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली घ्या. भिंती, छत, फरशी सगळे 15 सेंटिमीटर जाड काँक्रीटचे. बाहेरून तिचे घनफळ भरते सुमारे 12.2 घनमीटर, म्हणजे ती 12.2 टन पाणी बाजूला सारते आणि पाणी तिला तेवढ्याच जोराने वर ढकलते. काँक्रीट लागते सव्वाचार घनमीटरच्या आतच. त्याचे वजन 10 टन. दोन टनांची तूट! म्हणजे तळाखाली पाणी शिरले की चहूबाजूंनी सहा इंची काँक्रीटची ही पेटी वर येऊन तरंगू लागेल. भिंती 20 सेंटिमीटरच्या केल्या, तर वजन 14 टन आणि वर ढकलणारा जोर 13.8 टन. जेमतेम बुडाली म्हणायची. त्यातून काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तळ एका पातळीत राहील याचाही भरवसा नाही. फरशी चांगली जाड हवी, किंवा खोली खालच्या बसाल्ट खडकाला सळ्यांनी जखडायला हवी. हे फक्त कागदावरचे गणित नाही. साफसफाईसाठी रिकामी केलेली जमिनीखालची टाकी ऐन पावसाळ्यात वर उचलली गेल्याचे प्रकार बांधकामाच्या धंद्यात माहीत आहेत.

दार हा पुढचा प्रश्न. तळाजवळ दर चौरस मीटरवर 3 टन दाब असतो, म्हणून दार छतातच ठेवलेले बरे. पण छतावर 60 सेंटिमीटर पाणी असले, तरी 60 बाय 60 सेंटिमीटरच्या झाकणावर दोनशे किलोहून जास्त भार येतो. आतून ते कोण उचलणार? आणि उचललेच, तर तळे आत येणार.

समजा, तेही जमवले. आत 8 घनमीटर हवा आहे. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 12 ते 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पंधरा-वीस तासांत त्याचे प्रमाण 3 टक्क्यांवर जाते. डोके ठणकते, धाप लागते. ऑक्सिजन तेव्हाही बऱ्यापैकी शिल्लक असतो. बंद खोलीत माणसाला आधी गाठते ती त्याने स्वतः सोडलेली हवा.

सिनेमातला नायक बोरूची नळी तोंडात धरून तळ्यात लपतो, तेही फसवेच. छाती मीटरभर खाली गेली की भोवतीचे पाणी तिला असे दाबते, की पृष्ठभागावरची हवा ओढणे जवळजवळ अशक्य होते.

तांब्या पालथा करून बादलीत दाबला की आत हवा अडकून राहते. तशी तळ उघडा असलेली खोली केली, तर दाराचा प्रश्न सुटतो, कारण आतली हवा पाण्याइतक्याच दाबाखाली असते. पण मग तिला वर साधी नळी जोडता येत नाही. जोडली की हवा भसकन निघून जाते आणि पाणी आत चढते. हवा यंत्रानेच दाबून पुरवावी लागते. जॅक कुस्तो यांनी 1962 मध्ये मार्सेलजवळच्या समुद्रात 10 मीटर खोलीवर असेच पोलादी घर ठेवले आणि आल्बेर फाल्को व क्लोद वेस्ली त्यात आठवडाभर राहिले. वर माणसे आणि यंत्रे राबत होती, म्हणून हे जमले. गुपित म्हणाल तर शून्य.

युरोप आणि उत्तर आशियातल्या तळ्यांत राहणारा पाणकोळी मात्र हे एकट्याने करतो. पाणवनस्पतींमध्ये जाळे विणून त्यात तो पृष्ठभागावरून आणलेली हवा साठवतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्या बुडबुड्यात झिरपत राहतो, त्यामुळे तो दिवसभराहून जास्त वेळ खाली राहू शकतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोजले गेले. माणसाची भूक इतकी मोठी, की ही युक्ती आपल्या कामाची नाही.

मग पाण्याच्या पातळीखाली कोरडी, हवेशीर खोली होऊच शकत नाही का? होते, आणि आपल्या मराठवाड्यातच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. पाठीशी अडवलेली नदी आणि समोर, पावसाळ्यात, वरून कोसळणारे नर-मादी धबधबे. मधल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. युक्ती साधी आणि जबरदस्त आहे. खोलीला पाण्याने चहूबाजूंनी वेढलेलेच नाही. दाब येतो तो एका बाजूने, आणि तो पेलायला बंधाऱ्याचे अख्खे दगडी वजन आहे. दुसरी बाजू उघडी, म्हणून हवा फुकट आणि दारही सोपे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. दालन गार राहते ते डोक्यावरच्या पाण्यामुळे. आजच्या मोठ्या धरणांच्या पोटातून अभियंते ज्या गॅलरीतून फिरून पाझर मोजतात, तिची जातकुळी हीच.

माझे मत विचाराल, तर पाण्याखाली राहण्याची हौस भागवायची जागा तळे नव्हे, बंधारा. शेततळ्यातले गुपित तसेही टिकणार नाही. एप्रिल-मे उजाडला की पाणी उतरून छत उघडे पडेल.

कुणा पोराच्या डोक्यात हे वाचून काही शिरले असेल, तर घरच्या मोठ्यांना एक सांगणे. शेततळ्याच्या अस्तराची पन्नी ओली झाली की इतकी निसरडी होते, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. तळ्याला कुंपण घाला आणि चारही बाजूंना पाण्यापर्यंत पोचतील असे गाठी मारलेले दोर आजच बांधून ठेवा.