खडकधार आरोहण, आल्प्समधील

पर्वताच्या दोन उतरणी जेथे एकमेकींस मिळतात, त्या उंच व अरुंद खडकाळ रेषेला खडकधार म्हणतात. अशा धारेवरून, सामान्यतः एकाच दोराने बांधलेल्या दोघा आरोहकांनी शिखर गाठणे, हा गिर्यारोहणाचा एक प्रमुख प्रकार होय. आल्प्समधील पुष्कळ धारा हिमनद्यांच्या क्षरणकार्यातून निर्माण झाल्या आहेत. शिखराच्या दोन अंगांच्या हिमनद्या आपापली हिमगव्हरे मागे मागे कोरीत जातात व त्यांमधील भिंत झिजून पात्यासारखी उरते. सुटलेले दगड व हिमलोट धारेवरून दोन्ही बाजूंस ओघळून जात असल्याने ती शेजारच्या कड्यांपेक्षा सामान्यतः सुरक्षित असते.

फ्रेंच पद्धतीत आल्प्समधील मार्गांच्या काठिण्याच्या सोप्यापासून अत्यंत अवघडपर्यंत सहा श्रेणी मानतात. मध्यम धारा बहुधा तिसऱ्या, म्हणजे ‘बऱ्याच अवघड’ या श्रेणीत मोडतात. ही श्रेणी ठरविताना केवळ खडकाचा चढ नव्हे, तर मार्गाची लांबी, उंची व माघारीची सोय यांचाही विचार होतो.

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील मॅटरहॉर्न (४,४७८ मी.) या शिखराची हर्नली धार हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सु. ३,२६० मी. उंचीवरील हर्नली आश्रयगृहापासून शिखरापर्यंत सु. १,२०० मी. चढाई असते. वरचा खडक मुख्यतः पट्टिताश्माचा आहे. मार्ग पुष्कळ ठिकाणी माथ्याच्या किंचित खालून, पूर्वेकडील अंगाने जातो. तो चुकल्यास आरोहक सैल दगडांत सापडतो. अधिक उभ्या भागात जाड दोर कायमचे बसविलेले आहेत.

अशा चढाईतील मुख्य प्रश्न दोर कसा वापरावा हा असतो. एक जण चढत असताना दुसऱ्याने खडकास स्वतःला बांधून घेऊन त्याचा दोर सांभाळावा (यास ‘बिले देणे’ म्हणतात), ही सर्वांत सुरक्षित रीत होय. परंतु संपूर्ण धार या रीतीने चढू गेल्यास दिवस पुरत नाही. म्हणून सोप्या भागात दोघेही दोराचे वेढे छातीभोवती घेऊन मधले अंतर काही मीटरांवर आणतात व एकदम चालतात. पुढचा आरोहक दोर खडकाच्या सुळक्यांना आळीपाळीने डावी-उजवीकडून घालून नेतो. एक जण घसरल्यास दोर सुळक्यावर अडकतो व दोघेही वाचतात. दोर असा कोठेही अडकविलेला नसेल, तर मात्र एकाचा तोल दुसऱ्यासही ओढून नेतो.

१४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नवर झालेल्या पहिल्या यशस्वी आरोहणानंतर हेच घडले. एडवर्ड व्हिंपर, चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, डग्लस हॅडो, मार्गदर्शक मीशेल क्रो आणि टाउगवाल्डर पितापुत्र असे सात जण उतरताना एकाच दोरात होते. अननुभवी हॅडोचा पाय घसरला व तो क्रोवर आदळला. त्या दोघांच्या ओढीने हडसन व डग्लस हेही खेचले गेले. डग्लस व थोरला टाउगवाल्डर यांच्यामधील दोर तुटला, म्हणून उरलेले तिघे वाचले. तो दोर त्यांच्याजवळील दोरांपैकी सर्वांत कच्चा होता. चौकशीत टाउगवाल्डर निर्दोष ठरला. डग्लसचे शव कधीच सापडले नाही. तुटलेला दोर झेरमाट येथील संग्रहालयात आहे.

दोर टाळणे हाही उपाय नव्हे. १८७९ मध्ये विल्यम मोझली या अमेरिकन आरोहकाने उतरताना स्वतःस दोरातून सोडवून घेतले व तो पडून मृत्यू पावला. सु. ४,००० मी. उंचीवरील सॉल्व्हे आश्रयस्थानाजवळच्या खडकपाट्यांस त्याचे नाव आहे. १९१५ मध्ये बांधलेले हे आश्रयस्थान केवळ संकटकाळासाठी आहे.

वरील दोन्ही अपघात उतरताना झाले, हे लक्षणीय आहे. उतरण्यास बहुधा चढण्याइतकाच वेळ लागतो. तेव्हा शरीर थकलेले व लक्ष विचलित झालेले असते आणि दुपारी गडगडाटी वादळांचाही संभव असतो. त्यामुळे आरोहक पहाटे अंधारातच निघतात व माघारीची वेळ आधी ठरवितात. ठरलेल्या वेळेत सॉल्व्हेपर्यंत न पोहोचणाऱ्या जोडीने परत फिरणे शहाणपणाचे मानले जाते. तापमानवाढीमुळे खडकांच्या भेगांतील, त्यांना सांधून ठेवणारा कायमचा बर्फ वितळू लागल्याने धारांची पूर्वीची सुरक्षितताही कमी होत आहे. जुलै २००३ मध्ये हर्नली धारेवर दरड कोसळल्याने आरोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले.

मध्यम धारेवर एखादी अवघड हालचाल क्वचितच घातक ठरते. घातक ठरतो तो सोप्या जागी झालेला निष्काळजीपणा. एकदम केव्हा चालावे, केव्हा थांबून दोर सांभाळावा आणि केव्हा परत फिरावे, याविषयी दोघांचे एकमत असणे, तसेच दोघांतील दुर्बलाच्या शक्तीनुसार गती ठेवणे, यांवरच अशा आरोहणाची सुरक्षितता अवलंबून असते.