त्रिनिदादची भुते

वेस्ट इंडीजमध्ये त्रिनिदाद व टोबॅगो नावाचा दोन बेटांचा देश आहे. १८४५ सालापासून आपल्या देशातले मजूर उसाच्या मळ्यांत राबायला तिथे गेले. त्यांचे वंशज आता तिथलेच झाले आहेत.

या देशात अलीकडे 'हॅलोविन' हा सण वाढू लागला आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोरेसोरे भुतांची सोंगे घेतात. दुकानांत मुखवटे टांगलेले दिसतात. हा सण मूळचा आयर्लंडचा. तिथले लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. पुढे सिनेमा नि टेलिव्हिजनच्या वाटेने तो त्रिनिदादला पोचला.

काही ख्रिस्ती लोकांना हे पटत नाही. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिथे कबरींवर मेणबत्त्या लावून मेलेल्या माणसांची आठवण करतात. मग आदल्या रात्री हा भुतांचा तमाशा कशाला, असे त्यांचे म्हणणे.

आणखी काही जण म्हणतात, भुतेच हवीत तर आपली काय कमी आहेत? त्यांचे 'ड्वेन' म्हणजे लहान मुलाचे भूत. त्याचे पाय आपल्या हडळीसारखे उलटे! 'सुकुयां' ही म्हातारी रात्री कातडी उतरवून आगीचा गोळा होते. तिच्या वाटेत तांदूळ टाकले, की ती दाणा न् दाणा मोजत बसते. तेवढ्यात उजाडते!

भुते खरी नसतात. पण आजीने सांगितलेल्या गोष्टी आपल्या असतात. पाहुणा आला तर त्याला पाट द्यावा. मात्र त्यासाठी घरच्या म्हातारीला उठवू नये, असे आम्हाला वाटते.