दहाव्या प्रश्नाची सत्तर वर्षं

ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसच्या गणित परिषदेत डेव्हिड हिल्बर्टने नव्या शतकासाठी प्रश्न मांडले. छापील यादीत ते २३ होते. भाषणात वेळेअभावी दहाच आले आणि दहाव्या क्रमांकाचा प्रश्न त्यांत नव्हता. दिसायला तो साधाच होता. पूर्णांकांचं कुठलंही बहुपदी समीकरण समोर आलं, तर त्याला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही, हे ठरवणारी एकच रीत सांगा.

अशी रीत नसेलच तर? ही शंका नीट मांडण्यासाठी आधी ‘रीत’ कशाला म्हणायचं ते ठरायला हवं होतं. ते ठरलं १९३६ मध्ये, अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांच्यामुळे. काही प्रश्नांचा निकाल कुठल्याही यंत्राला लावता येत नाही, हेही दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं.

पुढे मार्टिन डेव्हिसने धाडसी अंदाज केला: यंत्राला एकामागून एक सांगत जाता येईल असा संख्यांचा कुठलाही संच एका बहुपदी समीकरणातून मांडता येतो. हे खरं असेल, तर हिल्बर्टला हवी होती ती रीत असूच शकत नाही. १९६१ मध्ये डेव्हिस, हिलरी पुटनम आणि बर्कलीच्या जूलिया रॉबिन्सन यांनी हे जवळजवळ सिद्ध केलं. मात्र त्यांच्या समीकरणांत घातांकाच्या जागीही चलं होती.

आता ते घातांक साध्या बहुपदींत बसवायचे होते, म्हणजे साध्या समीकरणातून झपाट्याने वाढणाऱ्या संख्या काढायच्या होत्या. रॉबिन्सन १९५० च्या दशकापासूनच यासाठी एका जुन्या समीकरणाकडे बघत होत्या. युरोपात ते पेलच्या नावाने ओळखलं जातं. पेलचा त्याच्याशी संबंध नाममात्रच. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने ते सोडवलं होतं. क्ष² – ६०य² = १ याचं सर्वांत लहान धन उत्तर ३१ आणि ४. साठऐवजी बासष्ट घेतले तर ६३ आणि ८. आणि मधले एकसष्ट? १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०! शिवाय अशा प्रत्येक समीकरणाची पुढची उत्तरं घातांकासारखी झेपावत जातात.

तरीही अखेरचा दुवा सापडेना. तो जानेवारी १९७० मध्ये लेनिनग्राडला सापडला. रॉबिन्सन यांचा नवा निबंध वाचून युरी मातियासेविचने फिबोनाची संख्यांची विभाज्यता कामाला लावली. त्याचं वय तेव्हा २२ होतं. रॉबिन्सन दर वाढदिवसाला मेणबत्त्या विझवताना दहावा प्रश्न सुटावा अशी इच्छा धरत. तो आपल्याच हातून सुटावा असा त्यांचा हट्ट नव्हता. बातमी कळताच त्यांनी त्याला मनापासून अभिनंदनाचं पत्र धाडलं. पुढे शीतयुद्धाच्या काळात, बरंचसं पत्रांतूनच, दोघांनी एकत्र काम केलं आणि तेरा अज्ञात राशींची समीकरणंसुद्धा रीतीच्या आवाक्याबाहेर आहेत, हे दाखवलं. नंतर मातियासेविचने तेराचे नऊ केले.

हे झालं पूर्णांकांचं. उत्तरं अपूर्णांकांतही चालतील म्हटलं, तर अशी रीत आहे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.