राष्ट्रपतींची निवड

भारताचे राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख होत. परंतु त्यांच्या निवडणुकीत गावोगावचे नागरिक प्रत्यक्ष मतदान करीत नाहीत. राज्यकारभाराची खरी सूत्रे मंत्रिमंडळाच्या हाती असल्यामुळे, केवळ या पदासाठी कोट्यवधी मतदारांचे मतदान घेण्याची आवश्यकता घटनाकारांना वाटली नाही. हे कार्य त्यांनी लोकप्रतिनिधींकडे सोपविले. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या, तसेच दिल्ली व पुदुच्चेरी येथील, विधानसभांचे निर्वाचित सदस्य या निवडणुकीत मत देतात. या मतदारवर्गास निर्वाचकगण असे म्हणतात.

येथे प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागून, आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागले म्हणजे ते मूल्य निघते. यासाठी १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती व आमदार २८८ आहेत. म्हणून येथील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते. चिमुकल्या सिक्कीममध्ये ते ७ आहे. सर्व आमदारांच्या मतमूल्यांच्या बेरजेला निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागले, की एका खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. त्यामुळे संसद व राज्ये यांची पारडी समतोल राहतात.

मतदान गुप्त असते. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. विजयी होण्यास वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात. तितकी कोणालाच न मिळाल्यास सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीप्रमाणे इतरांना दिल्या जातात.

१९६९ साली या नियमाची खरी कसोटी लागली. त्या वेळी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. पहिल्या पसंतीची वराहगिरी व्यंकट गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ व चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते पडली. गिरी आघाडीवर होते. तरी निम्मी मते त्यांच्याजवळ नव्हती. एकेक उमेदवार बाद होत गेला. शेवटी देशमुखांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंतीही मोजली गेली, तेव्हा गिरींची मते ४,२०,०७७ व रेड्डींची ४,०५,४२७ झाली आणि गिरी राष्ट्रपती झाले.

सर्वांत पुढे असणे एवढेच या पदासाठी पुरेसे नाही. जो सर्व राष्ट्राचा प्रतिनिधी व्हावयाचा, त्याच्या पाठीशी अर्ध्याहून अधिक मतांचे बळ असावे, हाच या पद्धतीचा हेतू होय.