तान्हें बाळ दूध कां टाकतें?

बाळाला पाजून झालें, तोंड पुसून झालें, आणि तेवढ्यांत घोटभर दूध त्याच्या ओठांवाटे परत आलें, असें कधींच घडलें नाहीं असें घर विरळाच. थोड्या वेळानें तें बाळ पाय पोटाशीं घेऊन रडूं लागतें आणि घरांत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतें दूध बाधलें, कोणी म्हणतें दूधच पातळ आहे, कोणी दृष्ट काढावयास मीठ-मोहऱ्या आणतें. दोष यावयाचा तो मात्र बहुधा बाळंतिणीवर. तिची डाळ बंद होते, भाजी बंद होते, आणि पुष्कळदां अखेरीस अंगावरचें दूधही सुटून बाळाला बाटली लागते. वस्तुतः बहुतेक बाळांच्या बाबतींत दोष दुधाचा नसतो आणि आईचाही नसतो.

अन्ननलिका जेथें जठराला मिळते तेथें स्नायूंचें एक कडें असतें. गिळलेलें आंत सोडावें व मागाहून तोंड आवळून धरावें, हें त्याचें काम. तान्हेपणीं हें कडें वेळीं-अवेळीं सैल पडतें. त्यांत बाळाचें जठर लहान, अन्न सारें पातळ, आणि दिवसाचा बहुतेक काळ आडवें पडून जावयाचा. सैल तोंडाची पखाल आडवी ठेविली तर पाणी गळावयाचेंच. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार सर्वांत अधिक दिसतो. मूल बसूं लागलें, घट्ट अन्न खाऊं लागलें कीं तो कमी होतो, आणि एक ते दीड वर्षाच्या आंत बहुतेक मुलांत आपोआप थांबतो.

दुधाबरोबर बाळ हवाही गिळतें. रडून कासावीस झाल्यावर पाजलें, किंवा केवळ स्तनाग्र तोंडांत जाऊन भोंवतालचा काळसर भाग बाहेर राहिला, तर हवा अधिक जाते. ती बाहेर पडतांना वाटेंतील दूध बरोबर घेऊन येते. म्हणून भूक अनावर होण्यापूर्वींच पाजावें, आणि पाजतांना बाळाचें डोकें पोटापेक्षां उंच असावें. मध्यें एकदां व शेवटीं एकदां त्याला खांद्यावर धरून, मान सांवरून, पाठ हळुवार थोपटावी. ढेकर चार-पांच मिनिटांत आला नाहीं तर हट्ट धरूं नये. त्यानंतर वीस ते तीस मिनिटें बाळ उभेंच धरावें. पाजल्याबरोबर तेल लावून रगडणें, न्हाऊं घालणें, पाळण्याला जोराचे झोके देणें टाळावें. लंगोटाची गांठ पोटावर घट्ट नसावी. पोट एकदांच तुडुंब भरण्यापेक्षां थोडें थोडें, परंतु अधिक वेळां पाजणें हितकर.

दूध टाकणाऱ्या बाळाला पालथें निजवावें असा समज अनेक घरांत आहे. तो धोक्याचा आहे. पालथ्या निजणाऱ्या तान्ह्या मुलांत झोपेंत अकस्मात् मृत्यु येण्याचें प्रमाण अधिक आढळल्यावरून १९९२ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें असें निजविण्याविरुद्ध सल्ला दिला. आज जगभर उताणें निजविण्याचाच उपदेश केला जातो. उताण्या बाळांत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते; त्यामुळें परत आलेलें दूध तिच्यांत सहजासहजीं शिरत नाहीं.

रडण्याचाही कांहीं क्रम आहे. निरोगी बाळाचें रडणें सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातें आणि तीन-चार महिन्यांनीं ओसरतें. दिवसांतून तीन तासांहून अधिक, आठवड्यांतून तीन दिवसांहून अधिक रडणें, ही पोटशुळाची खूण डॉ. मॉरिस वेसेल यांनीं १९५४ सालीं सांगितली. अशा वेळीं बाळाला छातीशीं धरून फिरावें, गुणगुणावें, त्याचे गुडघे दुमडून हळूच पोटाकडे न्यावेत. आई थकली असेल तर दुसऱ्या कोणीं त्याला घ्यावें. जवळ कोणी नसेल व संताप अनावर होत असेल तर बाळाला पाळण्यांत उताणें ठेवून घटकाभर बाजूला व्हावें. परंतु त्याला गदगदां हलवूं नये. तेवढ्यानेंही मेंदूंत रक्तस्राव होतो.

औषधांच्या बाबतींत संयम हवा. ग्राइप वॉटर १८५१ सालीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें विल्यम वुडवर्ड यांनीं तयार केलें. त्यांत बाळंतशोपेचें तेल, सोडा व साखर यांबरोबर मद्यार्कही असे. बाळ शांत होई तें कशानें, हें यावरून उमजावें. मुंबईच्या गिरणगांवांत एके काळीं कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत, आणि कांहीं बाळें त्या झोपेंतून उठत नसत. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून घुटी, पाणी, मध कांहींही देऊं नये, आणि मध तर वर्षाच्या आंत मुळींच नको.

परंतु एक ओकारी अशी आहे कीं तेथें धीर धरणें हीच चूक ठरते. जन्मानंतर बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायु जाड होऊन वाट बंद करतो. हें मुलींपेक्षां मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळतें. प्रत्येक पाजणीनंतर दूध पिचकारीसारखें दूर उडतें, आणि बाळ लगेच पुन्हां भुकेलें होतें. या भुकेमुळेंच घरच्यांना तें धडधाकट वाटतें, आणि दिवस वायां जातात. जर्मन शल्यवैद्य रामस्टेट यांच्या नांवानें १९१२ पासून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया वेळीं झाली तर असें बाळ पूर्ण बरें होतें.

त्याचप्रमाणें ओकारी हिरवी असेल अथवा तींत रक्त असेल, पोट फुगून ताठरलें असेल, ताप असेल, टाळू खोल गेली किंवा फुगली असेल, बाळ सुस्त पडून पीत नसेल, किंवा दिवसांत सहांपेक्षां कमी दुपटीं ओलीं होत असतील, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

यांपैकीं कांहींच नसेल, बाळ हसतें-खेळतें असेल आणि महिन्याच्या महिन्याला वजन वाढत असेल, तर खांद्यावर एक स्वच्छ फडकें टाकावें, आणि बाळंतिणीला तिचें जेवण पोटभर जेवूं द्यावें.