संगणक घरीं जुळवावा काय?

बारावीचा निकाल लागला, मुलास अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाला, कीं यवतमाळांतील पुष्कळ घरांत एक वाद उभा राहतो. वडिलांचें म्हणणें, नांवाजलेल्या कंपनीचा तयार संगणक आणावा. बिल एक, हमी एक, आणि बिघडला तर फोन करावयाचा तोहि एकाच ठिकाणीं. मुलाचें म्हणणें निराळें असतें. "बाबा, तेवढ्याच पैशांत सुटे भाग आणून मी याच्याहून कितीतरी चांगला उभा करतों!" दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोघांच्याहि हिशेबांत एकेक रक्कम धरावयाची राहून गेलेली असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबविली, तेव्हांपासून ज्या घरांत जुनें यंत्र आहे तेथेंहि हाच प्रश्न वेगळ्या वाटेनें येऊन ठेपला आहे. मूल पुण्यास किंवा नागपुरास वसतिगृहांत राहणार असेल तर वाद आपोआप मिटतो. तेथें लॅपटॉपच बरा. प्रश्न आहे तो घरच्या टेबलावर कायम राहणाऱ्या संगणकाचा.

प्रथम 'स्वतः बनविणें' या शब्दांचा अर्थ पाहिला पाहिजे. संगणक अक्षरशः स्वतः बनविण्याचा मोठा प्रयत्न मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत झाला. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ सालीं एक लहान नमुना चालविला व १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लावलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नलिका होत्या. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. परंतु तोंपर्यंत जगांत नलिकांची जागा ट्रान्झिस्टरनें घेतली होती, आणि त्याच संस्थेनें १९६४ सालीं अमेरिकेंतून सीडीसी ३६०० हें तयार यंत्र आणविलें. यंत्र मागें पडलें. तें उभें करतांना मिळविलेली विद्या मात्र त्या माणसांपाशीं राहिली.

दुसरें उदाहरण वऱ्हाडच्या अधिक जवळचें आहे. अमेरिकेनें हव्या त्या प्रतीचा क्रे महासंगणक देण्याचें नाकारल्यानंतर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवचे. यवतमाळची शकुंतला गाडी ज्या मूर्तिजापूरला जात असे तेंच हें. भटकरांच्या मंडळींनीं प्रोसेसर स्वतः घडविला नाहीं. इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीचे, बाजारांत मिळणारे, ट्रान्सप्यूटर नांवाचे प्रोसेसर त्यांनीं घेतले आणि ते अनेक एकत्र कामास जुंपण्याची योजना स्वतः आंखली. १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला. कौशल्य होतें तें जुळणींत.

यवतमाळचा मुलगा करूं म्हणतो तें काम या दुसऱ्या जातीचें आहे, आणि तें त्याला शक्य होतें याचें कारण १९८१ सालांत आहे. त्या वर्षीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तो इतरांनीं बनविलेले भाग वापरून, आणि त्याची अंतर्गत रचनाहि तिनें छापून प्रसिद्ध केली. त्यामुळें इतर कंपन्यांस त्यांत बसतील असे भाग, व पुढें तसेच संगणक, करतां आले. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स हें माप ठरविलें. तेव्हांपासून मदरबोर्डाचीं भोकें, पेटींतील स्क्रू आणि एसएमपीएसचा आकार यांचा मेळ बसूं लागला. एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची पेटी व तिसरीचा एसएमपीएस एकत्र नांदतात ते या करारामुळें. तयार संगणकांच्या कांहीं कंपन्या मात्र आपल्या यंत्रांत हें माप पाळीत नाहींत. पांच वर्षांनीं अशा यंत्राचा एसएमपीएस जळाला म्हणजे बाजारांतील साधा एसएमपीएस त्यांत बसत नाहीं, हें तेव्हां उमगतें.

आतां पैशांचा विचार. सुट्या भागांवर वस्तु व सेवा कर १८ टक्के आहे आणि तयार संगणकावरहि तेवढाच. तेव्हां करांत बचत नाहीं. कंपनी हजारोंच्या संख्येनें भाग घेते, घरचा मनुष्य एकेक घेतो. २०२१ सालीं ग्राफिक्स कार्डें मिळेनाशीं झालीं, आणि २०२५ च्या अखेरीस रॅम व एसएसडी यांचे भाव, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांच्या मागणीमुळें, कापसाच्या वायद्यालाहि लाजवील असे चढले. अशा वेळीं आधींच माल भरून ठेवलेल्या कंपनीचें तयार यंत्र स्वस्त पडूं शकतें. पत्रव्यवहार, बँकेचें काम, व्याख्यानें पाहणें एवढ्यासाठीं संगणक हवा असेल, तर तो स्वतः जुळवून पैसे वांचतील ही आशा सोडलेली बरी. जुन्या यंत्रांत एसएसडी घालून रॅम वाढविली तरी कित्येकांचें काम भागतें. फक्त विंडोज ११ त्याच्यावर चालेल कीं नाहीं हें आधीं पाहून घ्यावें.

बचत दिसूं लागते ती मधल्या व वरच्या किंमतीच्या यंत्रांत. तेथें फायदा भाव कमी पडण्यापेक्षां पैसा आपल्या मर्जीप्रमाणें घालण्याचा असतो. यंत्ररचनेचीं चित्रें काढणाऱ्यास ग्राफिक्स कार्ड लागेल, आज्ञावली लिहिणाऱ्यास तें नसलें तरी चालेल, त्याला रॅम अधिक हवी. (खेळांचें नांव वडिलांसमोर निघत नाहीं, पण कार्डाच्या आग्रहामागें तें बहुधा असतेंच.) तयार यंत्राच्या जाहिरातींत प्रोसेसरचें नांव ठळक असतें; काटकसर झालेली असते ती न सांगितल्या जाणाऱ्या ठिकाणीं, म्हणजे एसएमपीएस, पंखे आणि पेटी यांत. उलट मुलगा आपल्या हिशेबांत विंडोजच्या परवान्याचे पैसे धरीत नाहीं. तयार यंत्रांत ते बहुधा धरलेले असतात. परवाना घ्यावयाचा नसेल तर लिनक्स फुकट व राजरोस उपलब्ध आहे. 'दुकानदार फुकट घालून देतो' तें विंडोज हिशेबांत धरणें सभ्य घरास शोभत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांत हा प्रश्न पुण्यामुंबईहून निराळा होतो तो उन्हाळ्यामुळें. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. संगणकाचा पंखा कितीहि उत्तम असला तरी तो हवा थंड करीत नाहीं. प्रोसेसर खोलींतील हवेहून किती अंश अधिक तापेल एवढेंच तो ठरवितो. मुलें ज्या परीक्षणांवर विसंबून भाग निवडतात तीं बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलींत केलेलीं असतात. समजा, २५ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ७५ अंशांवर स्थिरावला. फरक ५० अंशांचा. तोच फरक पुसदच्या एखाद्या पत्र्याखालच्या माडीवर, ४२ अंशांच्या हवेंत धरला कीं आंकडा ९२ वर जातो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. म्हणजे अधिक वेगासाठीं मोजलेले पैसे ऐन वैशाखांत हवेंत विरतात. येथें कमी वीज खाणारा प्रोसेसर, मोठा कूलर आणि पुढून जाळीची पेटी हीं घेण्यांत शहाणपण आहे. पुढें अखंड कांच लावलेली, रंगीबेरंगी दिव्यांची पेटी विदर्भासाठीं नव्हे. तयार मिळणाऱ्या अरुंद पेट्यांत ही निवड करतां येत नाहीं. या मुद्द्यावर मुलाची बाजू भारी आहे.

खोलींतील पाण्याच्या कूलरनें हवा थंड होते हें खरें, परंतु यंत्र त्याच्या झोतांत ठेवूं नये. ओली हवा धुळीला चिकटपणा आणते व पंख्यांवर लेप बसतो. धूळहि येथें एका प्रकारची नाहीं. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला येऊं लागला कीं आसपासच्या वस्तींत रुईचे तंतू उडत असतात आणि जाळ्यांवर त्यांची गादी बसते. वणीकडे कोळशाची बारीक काळी धूळ आंत शिरते. जाळी काढून धुतां येते कीं नाहीं, हें पेटी घेतांना हातानें उघडून पाहावें.

विजेच्या बाबतींत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लागतांच झिणझिण्या येतात आणि दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. बहुतेक वेळां तो भिंतींत असतो. एसएमपीएसमध्यें विजेंतील गोंगाट गाळण्यासाठीं लहान कपॅसिटर बसविलेले असतात; त्यांतून झिरपणारा क्षीण प्रवाह अर्थिंगच्या तारेनें जमिनींत जावा अशी योजना असते. जुन्या घरांत प्लगाचें तिसरें भोंक दिसतें, पण त्याच्यामागें तार जोडलेलीच नसते, आणि प्रवाह पेटीवर राहतो. संगणक जुळविण्याआधीं वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणें हा खर्च दोन्ही पक्षांच्या हिशेबांत नसतो, आणि पहिला खर्च तोच असला पाहिजे. यूपीएस दुसरा. तो काम चालूं ठेवण्यासाठीं नाहीं. वीज गेल्यावर हातचें लेखन जतन करून यंत्र नीट बंद करण्यास जीं दहा मिनिटें लागतात, तीं मिळविण्यासाठीं आहे.

आतां ज्या मुद्द्यावर निर्णय खरोखर अडतो तो. जुळविलेल्या यंत्राची हमी एक नसते. जितके भाग तितक्या हम्या. पेटीबंद प्रोसेसरची साधारण तीन वर्षांची, चांगल्या एसएमपीएसची त्याहून मोठी, अशा त्या कागदावर तयार संगणकाच्या हमीपेक्षां उदार दिसतात. पण एके दिवशीं बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. दोष रॅमचा, बोर्डाचा, कीं एसएमपीएसचा? तें ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच: संशयित भाग काढून त्या जागीं चांगला भाग लावून पाहणें. घरांत असा दुसरा भाग नसतो. दुकानदाराच्या फळीवर तो असतो, आणि दुकानदार आपला नफा ज्याच्याबद्दल घेतो तो हा फळीवरचा सांठा होय. यवतमाळहून नागपूरची सीताबर्डी सुमारें दीडशे किलोमीटर आहे. उमरखेडकरास नांदेड जवळ, वणीकरास चंद्रपूर. ऐन परीक्षेच्या पंधरवड्यांत बोर्ड पिशवींत घालून ही वारी करणें म्हणजे काय, याचा हिशेब रुपयांत मांडतां येत नाहीं. तयार यंत्र घेणाऱ्या वडिलांनींहि मात्र गाफील राहूं नये. हमीपत्रांत 'घरीं येऊन दुरुस्ती' असें लिहिलेलें असलें तरी ती आपल्या पिनकोडास लागू आहे काय, हें पैसे देण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

एक चूक उत्साही मुलें हमखास करतात. सवलतीच्या दिवशीं आज प्रोसेसर, पुढल्या महिन्यांत बोर्ड, दसऱ्याला एसएमपीएस, असे भाग ते ऑनलाइन मागवितात. परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. सारे भाग जमून बटण दाबलें जाईपर्यंत पहिल्या भागाची मुदत केव्हांच टळलेली असते. सर्व भाग एकाच आठवड्यांत यावेत, आणि आल्या दिवशींच जुळणी व्हावी.

जुळणी ही स्वतः मोठी गोष्ट नव्हे. नवख्यास एक दुपार पुरते. प्रोसेसर बसवितांना कोपऱ्यावरील त्रिकोणाची खूण जुळवावी व जोर लावूं नये. बोर्डावरील पिना वांकल्या तर ती हमींत बसत नाहीं. येथील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांचते, म्हणून टेरिलीनचा सदरा काढून सुती घालावा व मधूनमधून पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. पहिल्या दिवशीं यंत्र चालूं होत नाहीं याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे प्रोसेसरच्या विजेची वेगळी तार लावावयाची राहणें.

मग काय करावें? घरांत एकजण तरी असा हवा जो बिघाड झाल्यावर चिडण्याऐवजीं कुतूहलानें पेटी उघडील, आणि दोनचार दिवस संगणकावांचून ज्याचें अडणार नाहीं. असा मनुष्य असेल, व काम विशेष प्रकारचें असेल, तर जुळवावा. टिफ्रॅकच्या मंडळींना मिळाली ती विद्या लहान प्रमाणावर त्यालाहि मिळेल. तसा कोणी नसेल तर तयार यंत्र घ्यावें, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. यवतमाळ, पुसद, वणी येथील बहुसंख्य घरांस मात्र तिसरी वाट अधिक सोयीची आहे. भागांची यादी मुलानें अभ्यास करून लिहावी आणि गांवांतल्याच, फळीवर सांठा ठेवणाऱ्या दुकानदाराकडून भाग घेऊन त्याच्यासमोर, शक्य तर त्याच्या टेबलावर स्वतःच्या हातानें, जुळणी करावी. यादींतला एसएमपीएस 'त्याच वॅटचा, पण दुसऱ्या कंपनीचा' म्हणून बदलूं देऊं नये. बदल बहुधा तेथेंच सुचविला जातो. भागांच्या पेट्या आपल्यासमोर फोडाव्या. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि रिकाम्या पेट्या निदान वर्षभर माळ्यावर राहूं द्याव्या. एखादा भाग नागपुरास परत पाठवावयाचा झाला तर त्याच्या मूळ पेटीसारखें वेष्टन दुसरें मिळत नाहीं.